माऊस त्यांच्याच हातात राहू द्या

जनरल नॉलेजचा सोपा प्रश्न: देशात पहिले आधार क्रमांक कुठे वाटले गेले? बरोब्बर, आपल्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत! २९ सप्टेंबर २०१० रोजी, तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत.

आज त्या बारा आकड्यांशिवाय पान हलत नाही. कॉलेजची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, शेतातल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणी ॲपवर, लाडकी बहीणची ई-केवायसी पोर्टलवर. आणि २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्के, राज्याची ८२. मग फॉर्म भरायचा म्हटलं की गल्लीतल्या कुणातरी शिकलेल्या पोराला हाक जाते. ते पोरगं म्हणजे तुम्ही!

ग्रामीण भागात प्रत्येक घरातल्या एकाला २० तासांचं डिजिटल प्रशिक्षण द्यायचं, अशी केंद्राची योजना २०१७ मध्ये मंजूर झाली होती. पण २० तासांत ओळख होते, सवय नाही. सवय लावणारं माणूस जवळपासच हवं. म्हणून एनएसएसच्या शिबिरात असाल, सेवा केंद्रावर हातभार लावत असाल किंवा घरीच आजीचा मोबाइल बघत असाल, तर या टिप्स तुमच्यासाठी.

हात मागे ठेवा

सगळ्यात अवघड नियम हाच. काकांना बटण सापडत नाही, आपला जीव वरखाली होतो आणि आपण माऊस ओढून घेतो. दोन मिनिटांत काम होतं खरं, पण काका शिकतात एकच गोष्ट: ‘हे आपल्याला जमणारं नाही.’ अमेरिकेतले प्राध्यापक फिल ॲग्रे यांनी नव्वदच्या दशकात कम्प्युटर शिकवणाऱ्यांसाठी एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्यातही हाच आग्रह होता: कीबोर्ड समोरच्याकडेच राहू द्या. शेजारी बसा, बोटाने दाखवा, क्लिक त्यांना करू द्या.

त्यांच्या बोलीत बोला

‘सबमिट’, ‘अपलोड’, ‘कॅप्चा’ हे शब्द आपल्याला पाठ आहेत, त्यांना नाहीत. कॅप्चा म्हणजे ‘समोर माणूसच आहे ना, याची खात्री’, असं सांगितलं की पटतं. अहिराणी, पावरी, मावची, जी बोली घरात चालते तीच वापरा. ‘आठे दाब’ म्हटल्यावर आजीचं बोट बरोबर जागेवर जातं.

भीती आधी घालवा

‘काही बिघडलं तर?’ हा प्रश्न मनात असतोच. मागे कसं जायचं, लिहिलेलं कसं खोडायचं, हे पहिल्यांदा शिकवा. पण पैसे पाठवायचं किंवा अर्ज कायमचा सबमिट करायचं बटण कुठलं, तेही ठासून सांगा. तिथे थांबून वाचायचं. बाकी ठिकाणी बिनधास्त.

एका वेळी एकच काम

आज फक्त लॉगिन. उद्या कागद अपलोड. पायऱ्या त्यांच्याच वहीत, त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर चित्रं काढा. टायपिंग जमत नसेल तर मोबाइलवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय दाखवा. नाव मात्र आधारवर आहे तस्संच हवं. एका अक्षराच्या फरकानेही अर्ज अडकू शकतो.

आधी नंबर तपासा

ऊसतोडीला किंवा कामाला गुजरातेत गेलेल्या घरांत सिम बदललेलं असू शकतं. आधारला जुना नंबर असेल तर ओटीपी येणारच नाही. मग सर्व्हरला शिव्या देत बसण्यापेक्षा आधी आधार केंद्रावर नंबर अपडेट करून घ्या. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंजही रुसते. म्हणून कागदांचे फोटो आधीच काढून ठेवा.

ओटीपी त्यांचा, तुमचा नाही

इथे मदतीचा खरा कस लागतो. मावशी विश्वासाने पूर्ण फोनच हातात देतात. पिन विचारू नका, पासवर्ड आपल्या मोबाइलमध्ये साठवू नका, ओटीपी त्यांनाच टाकू द्या. आज तुम्हाला सांगायची सवय लागली, तर उद्या फोनवरच्या ठगालाही त्या तितक्याच विश्वासाने सांगतील. दुकानातल्या कम्प्युटरवर काम झालं की लॉगआउट करा, डाउनलोड झालेलं आधार डिलीट करा. चालत असेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ द्या. आणि १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून द्या. फसवणूक झाली तर जितक्या लवकर फोन, तितकी पैसे वाचण्याची शक्यता जास्त.

या रविवारी एवढंच करा

घरातल्या किंवा शेजारच्या एकाच माणसाला, आपले पैसे कुठल्या बँकेत जमा होतात, हे स्वतः बघायला शिकवा. खाती दोन-तीन असतात आणि अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जातं. त्यामुळे ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या मावशी कदाचित भलत्याच बँकेचं पासबुक घेऊन हेलपाटे मारत असतील. आधारच्या वेबसाइटवर लॉगिन केलं की जोडलेल्या बँकेचं नाव दिसतं. ते त्यांनी स्वतः उघडून, स्वतः वाचायला हवं. तुम्ही फक्त शेजारी बसा.

पुढच्या महिन्यात त्यांनी तुम्हाला हाक मारली नाही, तर समजा, शिकवणं जमलं!