'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे नेमके काय?

जलविज्ञान शिकताना तुम्हाला 'शंभर वर्षांचा पूर' ही संज्ञा भेटते. तिचा अर्थ इतकाच: तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता कोणत्याही एका वर्षी १ टक्का आहे. नदीकाठच्या माणसाला मात्र त्यात वेळापत्रक ऐकू येते. यंदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू! कोल्हापूर-सांगलीत २०१९ मध्ये महापूर आला आणि २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा वस्तीत शिरले. आपले सूत्र तर प्रत्येक वर्ष स्वतंत्र धरते. फाशाला मागचे दान आठवत नाही, तसे. मीही कित्येक वर्षे हा शब्द खुलासा न करता फळ्यावर लिहीत असे.

आता माहिती तीच ठेवून मांडणी बदला. पूर न येण्याची शक्यता दरवर्षी ०.९९. सलग ३० वर्षे न येण्याची ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.७४. म्हणजे ३० वर्षांत एकदा तरी पूर येण्याची शक्यता २६ टक्के, चारात एक. '१ टक्का' ऐकून घर घेणारा 'चारात एक' ऐकून थांबेल. महाराष्ट्रात पूरनियंत्रणाची लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची, तर निळी साधारणपणे २५ वर्षांच्या पुराची. निळ्या रेषेवरच्या घरासाठी हाच आकडा ३० वर्षांत सुमारे ७१ टक्के होतो. माझ्या मते घराबद्दल बोलताना घराच्या आयुष्याचाच आकडा सांगावा, एका वर्षाचा नव्हे.

अनिश्चिततेचे काम याहून अवघड आहे. शंभर वर्षांच्या नोंदी बहुधा नसतातच. तीस-चाळीस वर्षांच्या कमाल विसर्गांवर गुंबेल वितरण बसवून आपण आलेख पुढे ताणतो, म्हणून उत्तराला दोन्ही बाजूंनी विश्वासमर्यादा असतात. नकाशावर मात्र एकच बारीक रेषा छापली जाते आणि तिच्या दोन फूट पलीकडचे घर सुरक्षित ठरते. उलट, पट्टा दाखवला तर लोक म्हणतात, 'साहेबांनाच नक्की ठाऊक नाही.' अशा वेळी पट्टा रुंद का, हे सांगावे: नोंदी थोड्या आहेत, आणि पाऊस व पाणलोट पूर्वीसारखेच राहतील असे आपण गृहीत धरले आहे.

५० वर्षे टिकायच्या पुलासाठी हाच हिशेब शंभर वर्षांच्या पुरावर करून पाहा, उत्तर ३९.५ टक्क्यांच्या आसपास यावे. मग ते ग्रामसभेत एका वाक्यात कसे सांगाल, तेही वहीत लिहा.