परीक्षेविना सरलेली दहावी

मराठी घरात दहावी एकट्या मुलाची नसते, ती साऱ्या घराची असते. जून उजाडला की केबल बंद होते, आजीच्या मालिकेचा आवाज खाली येतो आणि पाहुण्यांना आडून आडून सुचवले जाते. ‘यंदा आमच्याकडे दहावी आहे’ एवढे म्हटले, की सख्ख्या भाच्याच्या लग्नाला न गेल्याचाही कुणी राग धरत नाही.

२०२०-२१ साली मात्र सारेच उलटे झाले. पाहुणे न सांगताच थांबले, लग्ने मोजक्या माणसांत उरकली आणि ज्या मोबाइलपासून मुलांना दूर ठेवायचे, तोच आईने आपल्या हाताने त्यांच्यापुढे ठेवला.

त्या वर्षी महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीला पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी होते. त्यांची कहाणी खरे तर नववीपासूनच सुरू होते. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. त्या वर्षीच्या दहावीचा शेवटचा, भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण दिले गेले. नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही रद्द झाली. म्हणजे ही मुले दहावीत आली तीच अर्धी नववी मागे टाकून.

पुढे अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी झाला, पण उरलेला शिकायचा कसा? दोन खोल्यांच्या घरात बाबांची मीटिंग, धाकट्याची कविता आणि थोरलीचे बीजगणित एकाच वेळी चाललेले. जिथे स्मार्टफोन एकच आणि तोही सकाळी कामावर जाणारा, तिथे दिवसभराचे धडे रात्री नऊनंतर उघडायचे. घरातल्या फोनवर पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न बहीणभावांत आला तर उत्तर बहुतेक वेळा भावाच्या बाजूने गेले, हेही कबूल केले पाहिजे. शिवाय शाळा नाही म्हटल्यावर ‘घरीच आहेस ना, जरा कुकर लाव’ हे मुलींनाच ऐकावे लागले. गावाकडे रेंज मिळेल तो बांध किंवा टेकडी हाच वर्ग झाला.

२३ नोव्हेंबर २०२०पासून काही जिल्ह्यांत नववी ते बारावीचे वर्ग पालकांच्या लेखी संमतीने उघडले. एका बाकावर एक, तोंडाला मास्क आणि डबा वाटून खायला बंदी! मुंबईत तर तेवढेही झाले नाही. तिथल्या मुलांची दहावी शाळेच्या फाटकाबाहेरच संपली.

पुढे सरकणारी तारीख

या मुलांना सर्वांत जास्त छळले ते अभ्यासाने नव्हे, अनिश्चिततेने. लेखी परीक्षा २९ एप्रिल २०२१ला सुरू होणार होती. १२ एप्रिलला ती जूनमध्ये ढकलल्याचे जाहीर झाले. १४ तारखेला सीबीएसईने आपली दहावीची परीक्षा रद्द केली आणि २० एप्रिलला राज्य मंडळाचीही रद्द झाली. तेव्हा दुसरी लाट ऐन भरात होती. अनेक घरांत कुणी ना कुणी इस्पितळात होते, कुणी ऑक्सिजनसाठी वणवण करत होते. अशा वेळी लाखो मुलांना केंद्रांवर बोलावणे शहाणपणाचे नव्हते, हे उघड आहे. तरीही वर्षभर उजळणी केलेल्या मुलांच्या मनात सुटकेबरोबर हिरमोडही होताच. आळशी मूल खूश झाले आणि कष्टाळू मूल रडले. घरच्यांना मात्र दोघांची समजूत एकाच वाक्यात काढावी लागली.

मग गुण कसे द्यायचे? शंभरांपैकी ३० दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे, २० तोंडी, प्रात्यक्षिक वा अंतर्गत कामाचे आणि तब्बल ५० नववीच्या निकालाचे, असे सूत्र ठरले. आणि ती नववी कोणती? जिची दुसऱ्या सत्राची परीक्षाच झाली नव्हती, ती! १६ जुलैला निकाल लागला ९९.९५ टक्के. कोकण विभागाचा तर पुरता शंभर. संकेतस्थळे तासन्‌तास उघडेनात, एवढी एकच गोष्ट नेहमीसारखी झाली. पेढे वाटले गेले, पण शेजारच्या काकूंचे ‘यंदा काय, सगळेच पास!’ हे वाक्य त्या पेढ्यांवर पडलेल्या मिठाच्या खड्यासारखे होते. पुढे परीक्षा शुल्कातले ५९ रुपये परत देण्याचे ठरले. वर्षाची भरपाई म्हणावी तर एवढीच.

अकरावीच्या प्रवेशासाठी २१ ऑगस्टला शंभर गुणांची ऐच्छिक सामाईक परीक्षा घ्यायचे ठरले, तेव्हा मुलांनी मिटलेली पुस्तके पुन्हा उघडली. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती परीक्षाही रद्द ठरवली. पुस्तके पुन्हा मिटली.

या साऱ्या आकड्यांत न बसणारे एक नुकसान होते, ते निरोप समारंभाचे. त्या दिवशी मुली पहिल्यांदा आईची साडी नेसतात, मुले शर्टावर सह्या घेतात, वर्षभर छडी उगारणाऱ्या सरांचा आवाज भाषणात मध्येच अडखळतो. बहुतेक ठिकाणी यातले काहीच झाले नाही. कार्यालयाच्या खिडकीतून शाळा सोडल्याचा दाखला हाती पडला, काही घरी तोही वडीलच घेऊन आले. दहा वर्षे ज्या बाकावर घासाघीस केली, त्याला साधा हातही लावता आला नाही. मोठ्या माणसांना हे किरकोळ वाटते. पंधरा वर्षांच्या मुलाला ते किरकोळ नसते.

पहिला खरा पेपर

अकरावीचे वर्गही बराच काळ पडद्यावरच भरले. तीन तास बसून सलग लिहायची सवय तर हाताला उरलीच नव्हती. २०२२च्या बोर्ड परीक्षांत ७० ते १०० गुणांच्या पेपरला अर्धा तास वाढवून मिळाला आणि अभ्यासक्रमही ७५ टक्केच होता, तो याच कारणाने. पण या तुकडीची बारावी आली २०२३मध्ये, पूर्ण अभ्यासक्रमासह आणि त्या अर्ध्या तासाशिवाय. २१ फेब्रुवारीला इंग्रजीचा पेपर सुरू झाला, तेव्हा सतरा-अठरा वर्षांची ही मुले आयुष्यात प्रथमच बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर आपला बैठक क्रमांक लिहीत होती. २५ मे रोजी निकाल लागला ९१.२५ टक्के. या वेळी ‘सगळेच पास’ म्हणायची सोय शेजारच्या काकूंना उरली नव्हती.