शहरातला रस्ता आणि गावाकडचा अंदाज

दहावी-बारावीनंतर तुमच्यापैकी कित्येकजण पुढील शिक्षणासाठी मुंबई-पुण्याला जातील. तेथे पहिल्या दिवशी तुमची गाठ पडेल ती कॉलेजशी नव्हे, रस्त्याशी! मी स्वतः माण तालुक्यातून मुंबईला आलो तो जून महिन्यात. दादर स्थानकाच्या पश्चिमेला फूलबाजाराशी सेनापती बापट मार्गाच्या कडेला उभा होतो. जुने मुंबईकर या रस्त्याला तुळसी पाइप रोड म्हणतात. हातगाडीवाले ‘बाजू, बाजू’ ओरडत होते, हॉर्न वाजत होते. एक बस दूरवरून येताना दिसली. ‘अजून पुष्कळ लांब आहे,’ असे म्हणून मी पाऊल टाकले, तोच कोणीतरी माझी पिशवी धरून मला मागे ओढले. बस समोरून निघून गेली. ओढणारी एक फुलवाली होती. “नवीन आलास काय रे बाळा मुंबईत?” एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा गजरे ओवू लागली.

माझे डोळे चांगले होते, मग चूक कोठे झाली? भौतिकशास्त्र शिकवू लागल्यावर मी या प्रश्नाचे गणित मांडून पाहिले. ते आज आपण मिळून करू.

प्रथम वेग घेऊ. गावात बैलगाडी ताशी सुमारे ४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १ मीटरहून थोड्या अधिक वेगाने चालते. १०० मीटरवर दिसलेली बैलगाडी आपल्यापाशी यायला दीड मिनिट लागते. एस. टी. येते, पण दिवसातून मोजक्या वेळा, आणि थांब्याजवळ ती सावकाश होते. आता शहरातील बस ताशी ५० किलोमीटर वेगाने येत आहे असे समजा. हा वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर होतो. तेच १०० मीटर अंतर ती केवळ ७ सेकंदांत कापते. आपण साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर चालतो. तेव्हा १२ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला १० सेकंद लागतात. एवढ्या वेळात बस १४० मीटर पुढे येते. म्हणजे १०० मीटरवरची बस ‘लांब’ नव्हतीच!

पण बस जवळ येत आहे हे डोळ्यांना वेळीच का कळले नाही? बसची रुंदी अडीच मीटर धरा. १०० मीटर अंतरावरून ही रुंदी आपल्या डोळ्याशी जेमतेम १.४ अंशाचा कोन करते. बस ५० मीटरवर आली की कोन २.९ अंश होतो. म्हणजे साडेतीन सेकंदांत वाढ झाली फक्त दीड अंशाची. पुढे २५ मीटरवर तो ५.७ अंश आणि साडेबारा मीटरवर ११.४ अंश होतो. हा शेवटचा टप्पा एका सेकंदाहून कमी वेळात संपतो! दूर असताना वाहन जागच्या जागी उभे असल्यासारखे वाटते आणि जवळ आल्यावर एकदम अंगावर आल्यासारखे वाटते, त्याचे कारण हे आहे. वेग समान असला तरी कोनाची वाढ समान नसते.

तुम्ही म्हणाल, ‘ड्रायव्हर ब्रेक लावीलच की!’ अवश्य लावील. पण धोका ओळखून पाय ब्रेकवर दाबेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. तेवढ्यात बस १४ मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर तिला थांबविण्याचे काम टायर व रस्ता यांमधील घर्षण करते. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला तर आणखी सुमारे १४ मीटर लागतात, म्हणजे एकूण २८ मीटर. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.४ पर्यंत उतरला तर एकूण अंतर ३९ मीटर होते. पहिल्या पावसात तर रस्त्यावरची धूळ व तेल पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो. आणि गावाकडचे विद्यार्थी शहरात येतात तेही बहुधा जूनमध्येच!

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग निम्मा केला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर निम्मे न होता चौथाईवर येते. ताशी २५ किलोमीटर वेगाची बस कोरड्या रस्त्यावर, तो एक सेकंद धरूनही, सुमारे ११ मीटरांत थांबते. शाळेजवळ वेग कमी ठेवायला सांगतात ते याचसाठी.

आता कानांकडे वळू. आपल्या दोन कानांत सुमारे २० सेंटिमीटर अंतर आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने बाजूने आलेला आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा सुमारे ०.६ सहस्रांश सेकंद आधी पोहोचतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू आवाजाची दिशा ठरवितो. मोकळ्या माळावर हे उत्तम जमते. शहरात मात्र दुतर्फा इमारती असतात. मध्ये एखादा ट्रक आड आला की सरळ येणारा आवाज क्षीण होतो आणि समोरच्या भिंतीवरून परावर्तित झालेला ठळक ऐकू येतो. मग हॉर्न डावीकडे वाजतो आणि आपण उजवीकडे पाहतो! शिवाय हल्ली मुंबईत विजेवर चालणाऱ्या बसही धावतात. त्यांना इंजिनाची घरघर नसते. तेव्हा रस्त्यावर कानात इयरफोन घालून चालणे म्हणजे उरलासुरला आधारही सोडणे होय.

मग मुरलेला मुंबईकर काय करतो? शक्यतो सिग्नलशी ओलांडतो. सिग्नल नसेल तर आधी मधल्या दुभाजकापर्यंत जातो, तेथे थांबतो आणि मग उरलेला रस्ता पार करतो. आपल्या गणितात हे घालून पाहा. ६ मीटरना ५ सेकंद, म्हणजे ७० मीटर मोकळा रस्ता पुरतो, आणि एका वेळी एकाच दिशेकडे लक्ष द्यावे लागते.

दोन प्रयोग करून पाहा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. तिच्या खालच्या टोकाशी आपली बोटे न टेकविता ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की पकडा. पट्टी २० सेंटिमीटर निसटली तर तुम्हाला ०.२ सेकंद लागला. हा झाला केवळ बोटे मिटण्याचा वेळ. तुम्ही दुसरीकडे पाहत असताना किती लागतो तेही मोजा.

दुसरा प्रयोग पदपथावर, शिक्षकांसमवेत करा. विजेच्या दोन खांबांमधले अंतर पावलांनी मोजा आणि वाहनांना ते कापायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहा. पण त्याआधी प्रत्येक वाहनाच्या वेगाचा आपला अंदाज वहीत लिहून ठेवा. अंदाज आणि मोजमाप जुळू लागेपर्यंत रस्ता ओलांडताना चारचौघांच्या सोबतीनेच ओलांडा. त्यात कमीपणा मानू नका. मीही पहिला महिनाभर तसेच करीत होतो.