अंडीं थांबलीं म्हणून कोंबडी विकावी काय?

शिर्डीच्या आसपासच्या वस्त्यांवर ऊस व पेरू यांच्या जोडीस कोंबड्या पाळण्याचा प्रघात आहे. मार्गशीर्षांत अंडीं कमी झालीं कीं कित्येक मालक कोंबडी निकामी समजून तिला बाजार दाखवितात. तसें करण्यापूर्वीं अंडें कसें घडतें हें ध्यानीं घ्यावें.

कोंबडीचा डावा अंडाशयच काय तो कामाचा असतो. उजवा वाढत नाहीं. त्यांत द्राक्षांच्या घडाप्रमाणें लहानमोठ्या पुटिका असतात. पुटिकेच्या मध्यभागीं बीजांड म्हणजे पिवळा बलक, त्यास लागून कणपेशींचा थर व त्याबाहेर आवरणपेशींचा थर, अशी रचना आहे. रक्तवाहिन्या बाहेरच्या थरांतच असल्यामुळें आंतील थराचें पोषण तेथूनच होतें.

हे थर शेजाऱ्यांप्रमाणें परस्परांशीं देवघेव करितात. बाहेरच्या थरांत इस्ट्रोजेन हें संप्रेरक तयार होतें. तें रक्तावाटे यकृतास पोंचतें व यकृत बलकाचें द्रव्य करून पाठवितें. सुमारें ६ ते ८ मिलिमीटरच्या पुटिकांतून एकीची निवड होते. तिच्या कणपेशी प्रोजेस्टेरॉन करूं लागतात. त्याचा कांहीं अंश बाहेरचा थर कच्चा माल म्हणून वापरतो. ही पुटिका आठदहा दिवसांत ३५ ते ४० मिलिमीटरपर्यंत भरते. पूर्ण भरल्यावर तिचें प्रोजेस्टेरॉन मेंदूस वर्दी देतें. मेंदूखालच्या ग्रंथीचा उलट हुकूम आल्यावर ४ ते ६ तासांनीं पुटिका फुटून बलक अंडनलिकेंत पडतो. पुढें पांढरा भाग व कवच चढून अंडें बाहेर येण्यास सुमारें २५ तास लागतात.

सारांश, आजचें अंडें हें गेल्या दहाबारा दिवसांच्या दाण्यापाण्याचें फळ होय. दाणापाणी तुटलें तर भरत आलेल्या पुटिका आक्रसून शरीरांत जिरतात. दाणा पूर्ववत् केला तरी नव्या पुटिका भरण्यास अवधि हवाच. उजेडाचेंही तसेंच. आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषांत दिवस सुमारें ११ तासांचा असतो, आणि अंड्यांसाठीं पाळलेल्या कोंबडीस १४ ते १६ तास उजेड लागतो. तेव्हां पहांटे दिवा लावून ती तूट भरून काढावी. खुडूक बसलेल्या गावरान कोंबडीचा अंडाशय आक्रसतो. तो रोग नव्हे.

अंड्यांची तारीखवार नोंद ठेवावी व दाणा, पाणी आणि उजेड सुधारल्यावर निदान तीन आठवडे वाट पाहावी. त्यानंतरच विक्रीचा विचार करावा.