सिलिकॉन व त्याच्या कुळातील मूलद्रव्यांची अपरूपे

एकच मूलद्रव्य अणूंच्या मांडणीतील फरकामुळे भिन्न गुणधर्मांच्या एकाहून अधिक रूपांत आढळते, तेव्हा त्यास अपरूपता असे म्हणतात. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलिअस यांनी १८४१ मध्ये ही संकल्पना मांडली. हिरा आणि ग्रॅफाइट ही कार्बनची अपरूपे विद्यार्थ्यांना शाळेपासून पाठ असतात. मात्र त्याच कुळातील सिलिकॉनची रूपे विचारली असता ‘वाळू, गारगोटी, काच’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. हे उत्तर का चुकते, हे समजल्याशिवाय अपरूपता समजली असे म्हणता येणार नाही.

या गोंधळाचे मूळ शब्दांत आहे. सिलिकॉन हे मूलद्रव्य, सिलिका हे त्याचे ऑक्साइड आणि सिलिकोन हे कृत्रिम बहुवारिक होय. देवनागरीत हे तिन्ही शब्द एकमेकांसारखे दिसतात. दख्खनच्या काळ्या कातळातील पोकळ्यांत सापडणारा अकीक हा सिलिकाच आहे. क्वार्ट्झ, ट्रिडिमाइट व क्रिस्टोबॅलाइट ही संयुगाची स्फटिकरूपे आहेत, मूलद्रव्याची अपरूपे नव्हेत. मुक्त सिलिकॉन निसर्गात जवळजवळ आढळत नाही. तो सिलिकापासून भट्टीत तयार करावा लागतो.

कार्बन, सिलिकॉन, जर्मेनिअम, कथील व शिसे ही १४व्या गणातील मूलद्रव्ये होत. यांपैकी पहिल्या चारांना हिऱ्यासारखी रचना धारण करता येते. तीत प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी बांधलेला असतो. बंधाची लांबी मात्र वाढत जाते: कार्बनमध्ये १.५४, सिलिकॉनमध्ये २.३५, जर्मेनिअममध्ये २.४५ आणि करड्या कथिलात २.८१ अँगस्ट्रॉम. बंध लांबला की तो दुबळा होतो. शिशापर्यंत पोहोचता ही रचना टिकत नाही व केवळ धातुरूप उरते. याच कारणाने सिलिकॉनचे ग्रॅफाइट होत नाही, कारण सपाट थरांना आवश्यक असणारा दुहेरी बंध त्याच्या मोठ्या अणूंमध्ये नीट जुळत नाही. २०१२ मध्ये चांदीच्या पृष्ठभागावर सिलिकॉनचा एक अणू जाडीचा थर, म्हणजे सिलिसीन, तयार केल्याचे प्रसिद्ध झाले. तो सपाट नसून सुरकुतलेला असतो व हवेत टिकत नाही.

कथिलाचे उदाहरण तर स्वयंपाकघरातलेच आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई ज्या कथिलाची करतात ते पांढरे, धातुरूप कथील होय. १३.२ अंश सेल्सिअसच्या खाली करडे, ठिसूळ रूप अधिक स्थिर असते. पांढऱ्याची घनता सुमारे ७.३, तर करड्याची ५.८ असल्याने रूपांतर होताना पदार्थ फुगून त्याचा भुगा होतो. इंदूरच्या हिवाळ्यात रात्रीचा पारा अनेकदा १३ अंशांखाली जातो, तरी कल्हई झडत नाही. कारण हे रूपांतर अत्यंत मंद असते, आणि शिसे, अँटिमनी यांची अल्प भेसळही त्यास रोखते. एखादे रूप स्थिर असणे आणि ते प्रत्यक्ष घडून येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा येथे मिळतो.

सिलिकॉनला रूप बदलण्यास दाब लागतो. वातावरणीय दाबाच्या लाखाहून अधिक पट, म्हणजे सुमारे ११ ते १२ गिगापास्कल दाबाखाली, त्याची रचना पांढऱ्या कथिलासारखी होते आणि अर्धवाहक सिलिकॉन धातू बनतो. सुमारे १६ गिगापास्कलला साधी षट्कोनी रचना येते. विशेष म्हणजे दाब काढल्यावर तो मूळ रूपात परतत नाही. हळूहळू दाब कमी केल्यास वेगळीच घन रचना उरते, आणि ती तापवल्यास षट्कोनी हिऱ्यासारखे रूप मिळते. असा दाब देण्यासाठी दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना धरतात. म्हणजे कार्बनचे एक अपरूप सिलिकॉनची अपरूपे उलगडते!

या प्रकारच्या अभ्यासाची सोय खुद्द इंदूरमध्ये आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या व २००५ पासून राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत इंडस-२ हे १७२.५ मीटर परिघाचे, २.५ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे साठवण-कडे आहे. त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या साहाय्याने उच्च दाबाखालील पदार्थांची रचना तपासता येते.

स्फटिकरूपांखेरीज सिलिकॉनचे अस्फटिकी रूपही महत्त्वाचे आहे. त्यात अणूंचा क्रम दूरवर टिकत नाही. ते प्रकाश अधिक शोषत असल्याने अत्यंत पातळ थर पुरतो, म्हणून लहान गणकयंत्रांच्या सौरपट्ट्यांत ते वापरले गेले. विजेची कार्यक्षमता मात्र स्फटिकी सिलिकॉनची अधिक असते.

तात्पर्य, अपरूपता ही पाठ करावयाची यादी नसून बंध, तापमान व दाब यांचा परस्परसंबंध आहे. वर्गात हिऱ्यासोबत कल्हईचे भांडे आणि गणकयंत्राची सौरपट्टी ठेवली, आणि सिलिकॉन व सिलिका हे शब्द प्रथमच वेगळे करून दिले, तर विद्यार्थ्याला व्याख्येमागचे कारण सांगता येईल. शिकवण्याची भाषा मराठी असो वा उर्दू, नेमकी संज्ञा हीच विज्ञानाची पहिली पायरी होय.