‘साभार’ म्हणजे परवानगी नव्हे

वाचनाची आवड असलेल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एखाद्या हयात लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ येऊन पडते. कुणीतरी भीत भीत विचारतं, ‘असं टाकलेलं चालतं का?’ उत्तर ठरलेलं असतं : ‘लेखकाचं नाव दिलंय की! साभार लिहिलंय!’ विचारणारा गप्प बसतो, अंगठे उठतात आणि फाइल पुढच्या गटावर जाते. दिवाळी अंकातली कथा, पुरवणीतला लेख, व्यंगचित्र, पाककृतींचं पुस्तक, सगळ्यांना हाच न्याय. नाव दिलं की हक्काचा प्रश्न मिटला, ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की पुस्तकांवर मनापासून प्रेम करणारी, चांगली शिकलेली माणसंही ती छातीठोकपणे सांगतात. ती साफ चूक आहे, आणि कितीही वेळा सांगावं लागलं तरी पुन्हा सांगायला हवं, कारण तिचा भुर्दंड मराठीत लिहिणाऱ्या माणसालाच पडतो.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात लेखकाचे दोन वेगळे हक्क दोन वेगळ्या कलमांत सांगितले आहेत. कलम १४ प्रती काढण्याचा, त्या लोकांपर्यंत पोहोचवण्याचा, भाषांतराचा, रूपांतराचा हक्क देतं. मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हीसुद्धा प्रत काढणंच आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. कलम ५७ मात्र निराळं आहे. ही कृती माझी आहे असं सांगण्याचा आणि तिची मोडतोड करून आपली अप्रतिष्ठा होत असेल तर आक्षेप घेण्याचा हक्क ते देतं. कॉपीराइट विकून टाकला तरी हा दुसरा हक्क लेखकापाशीच राहतो. तेव्हा पीडीएफखाली नाव लिहिणारा माणूस कलम ५७ चा मान राखतो, कलम १४ मात्र तसंच मोडतो. दोन देणी असताना एक फेडलं म्हणून दुसरं फिटत नाही.

हे दोन हक्क खरोखरच वेगळे आहेत, याचा उत्तम दाखला दिल्लीत आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भव्य भित्तिशिल्प विज्ञान भवनात होतं. ते केंद्र सरकारनं करवून घेतलं होतं आणि सरकारच्याच मालकीचं होतं. १९७९ साली ते भिंतीवरून उतरवून गोदामात टाकलं गेलं आणि त्यात त्याची नासधूस झाली. सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं कलम ५७ च्या आधारे निकाल त्यांच्या बाजूनं दिला, ५ लाख रुपये भरपाई द्यायला आणि शिल्पाचे उरलेले अवशेष त्यांना परत करायला सांगितलं. पैसे मोजून वस्तू विकत घेतलेल्या सरकारलाही कलावंताच्या प्रतिष्ठेचा हक्क विकत मिळाला नव्हता. मग नुसतं नाव लिहिणाऱ्याला प्रती वाटण्याचा हक्क फुकटात कसा मिळेल?

मुळात ‘साभार’ हा शब्द आला तोच परवानगीच्या पोटी. एखाद्या नियतकालिकातला लेख दुसरीकडे पुन्हा छापायचा, तर चांगला संपादक आधी लेखकाला आणि मूळ प्रकाशकाला पत्र लिही, होकार मिळवी आणि मग मजकुराखाली ‘अमुक अंकातून साभार’ अशी ओळ टाकी. त्या ओळीतले आभार दिलेल्या परवानगीचे असत. ज्यानं दिलंच नाही, त्याचे आभार मानण्यात काय अर्थ? स्कॅन केलेल्या पीडीएफचं दुसरं किंवा तिसरं पान उघडून बघा. वर ग्रंथालयाचा निळा शिक्का, त्यावर दाखल क्रमांक, आणि खाली, बहुधा सगळ्यात बारीक टायपात, सर्व हक्क कुणाचे आहेत आणि लेखी परवानगीशिवाय काय करू नये, ते छापलेलं. स्कॅन करणाऱ्यानं ते पानही सरळ करून काचेवर ठेवलेलं असतं. म्हणजे नकार वाचायला मिळालेला होता.

यावर लगेच येणारं उत्तर : ‘आम्ही कुठे पैसे कमावतो?’ कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. व्यापारधंद्यातल्या फायद्यासाठी ते केलेलं नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. ही सवलत शिक्षेत आहे. नफा नसला तरी गुन्हा उरतोच, म्हणून तर सवलतीची सोय करावी लागली. आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा दिला. एका फॉरवर्डसाठी उद्या दारात पोलीस उभे राहतील असं भय कुणी घालू नये, ते खरं नाही. पण ‘फुकट वाटलं म्हणजे कायदेशीर’ हेही खरं नाही. ‘आम्हाला कोण शोधणार’ असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक निकाल : स्पर्धा परीक्षांच्या एका शिक्षिकेची पुस्तकं आणि व्याख्यानं टेलिग्राम चॅनेलांवर वाटली जात होती, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या चॅनेलचालकांची माहिती उघड करायला टेलिग्रामला भाग पाडलं.

दुसरा युक्तिवाद जास्त गोड आहे : ‘लेखकाची प्रसिद्धीच होते.’ होतही असेल. काही लेखक स्वतःहून आपली पुस्तकं फुकट देतात. ई साहित्य प्रतिष्ठानसारखी मंडळी लेखकाची संमती घेऊन मराठी ई-पुस्तकं मोफत पोहोचवतात, आणि ते काम मोलाचं आहे. पण प्रसिद्धी हवी की विक्री, हे ठरवायचं लेखकानं. मराठीत हजार प्रतींची, कधी पाचशेचीच, आवृत्ती निघते. ३०० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के मानधन धरलं, तर प्रतीमागे ३० रुपये. हजार प्रतींची सगळी आवृत्ती संपली, तर दोन-तीन वर्षांच्या कष्टाचे ३० हजार. इतक्या लहान बाजारात शंभर वाचकांनी पीडीएफवर भागवलं, तर आवृत्तीचा दहावा हिस्सा पडून राहतो आणि प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीचा विचार सोडून देतो. इंग्रजीतल्या खपाऊ लेखकाला जो ओरखडा वाटेल, तो मराठी लेखकाला खोल घाव असतो. त्यातही संताप येतो तो लेखक स्वतः गटावर येऊन ‘कृपया हे काढा’ म्हणतो तेव्हा. ‘लोक वाचतायत यात आनंद माना’ असं त्यालाच सुनावलं जातं. आपल्याच घरातली वस्तू परत मागणाऱ्याला कद्रू ठरवण्याचा हा प्रकार आहे, आणि तो सभ्यतेत बसत नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ज्ञान सगळ्यांपर्यंत पोहोचलं पाहिजे, पुस्तकं महाग आहेत, कित्येक तर मिळतच नाहीत. हे सगळं खरं आहे, आणि कायद्यानं त्याची दखल घेतलेली आहे. कलम ५२ नुसार स्वतःच्या अभ्यासासाठी, समीक्षेसाठी, चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त प्रमाणात मजकूर वापरता येतो. शिक्षणासाठी तर आणखी मोकळीक आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसह तीन बड्या प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर दावा लावला. अभ्यासक्रमासाठी निरनिराळ्या पुस्तकांतली पानं एकत्र बांधून विद्यार्थ्यांना दिली जात, हा त्यांचा आक्षेप होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आधी त्यांचा दावा फेटाळला, आणि पुढे खंडपीठानंही शिकवण्यासाठी लागेल तेवढा मजकूर घेता येतो हे तत्त्व मान्य केलं. विद्यार्थ्याच्या बाजूनं इतका उभा राहणारा कायदा आपल्याकडे आहे. पण समीक्षेत घेतलेला उतारा वेगळा आणि हजार सभासदांच्या गटावर टाकलेली अख्खी कादंबरी वेगळी. तिला कुणी ‘खासगी वापर’ म्हणत असेल, तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही. छपाईत नसलेल्या पुस्तकांचं दुखणं मात्र मला मान्य आहे. प्रकाशकांनी ती निदान ई-पुस्तक म्हणून काढली पाहिजेत. न काढणं हा वाचकावर अन्याय आहे. प्रकाशित झालेली कृती लोकांपासून अडवून ठेवली जात असेल, तर कलम ३१ खाली सक्तीचा परवाना मागण्याची वाट आहे, पण ती सामान्य वाचकाच्या आवाक्यातली नाही. तरीही पुस्तक दुकानात नाही म्हणून त्याचा हक्क संपत नाही. आणि गटांवर फिरणाऱ्या पीडीएफपैकी कितीतरी पुस्तकं जवळच्या दुकानात आजही विकत मिळतात.

मुदत फार लांब आहे, असंही म्हटलं जातं. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. पूर्वी ती ५० होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले. त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार होता, त्या सुमारास मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. एवढी मुदत हवी का, यावर जरूर वाद घालावा, मलाही ती जास्त वाटते. पण हयात लेखकाचं कालपरवाचं पुस्तक वाटण्याचं समर्थन त्या वादातून निघत नाही.

आता नाव देण्याबद्दल. ‘साभार’वाल्यांना निदान नाव तरी टिकवता येतं का? कवितेचा प्रवास बघा. मूळ पोस्टमध्ये कवयित्रीचं नाव शेवटी असतं. मजकूर लांब असला की व्हॉट्सॲप तो दुमडतं आणि शेवटच्या ओळी ‘आणखी वाचा’च्या आड जातात. कुणी स्टेटसला ठेवण्यासाठी चार ओळी कापून घेतो, नाव मागे राहतं. पुढचा खाली ‘संग्रहित’ लिहितो. त्याच्या पुढच्याला त्या ओळी ओळखीच्या वाटतात आणि तो पु. ल. देशपांडे, व. पु. काळे किंवा कुसुमाग्रज यांपैकी एक नाव चिकटवून टाकतो. यात दोघांवर अन्याय होतो : जिनं लिहिलं तिचं श्रेय जातं आणि ज्यांनी लिहिलं नाही त्यांच्या नावावर दुय्यम ओळी चढतात. ‘जसं आलं तसं पुढे पाठवलं’ ही पळवाट झाली. लेखक माहीत नसेल तर तसं लिहावं, शोधावं, किंवा पाठवूच नये. आणि चूक दाखवायची तर पाठवणाऱ्याला आधी वैयक्तिक निरोप करावा. चारचौघांत अपमान झालेला माणूस चूक सुधारत नाही, तो चुकीचं समर्थन करू लागतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात आटपता येतील. गोलातला ‘सी’ छापला नाही किंवा नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. कृती लिहून झाली की तो आपोआप येतो, बर्न कराराचं हे तत्त्व आपण कधीच स्वीकारलेलं आहे. गूगलवर सापडलं म्हणजे मुक्त झालं, असं नाही. ‘कॉपीराइटभंगाचा हेतू नाही’ हे वाक्य लिहून भंग टळत नाही. तीस सेकंदांपर्यंतचं गाणं चालतं असा नियम कायद्यात कुठेही नाही. तुकोबांचे अभंग सर्वांचे आहेत. एखाद्या गायकाचं ध्वनिमुद्रण किंवा संपादकानं लिहिलेली प्रस्तावना आणि टीपा यांचे हक्क स्वतंत्र असतात. ‘माझे फोटो वापरण्याची फेसबुकला परवानगी नाही’ अशी घोषणा भिंतीवर डकवून खातं उघडताना दिलेली संमती बदलत नाही. गटातल्या प्रत्येक पोस्टसाठी ॲडमिन तुरुंगात जातो, ही अफवा आहे : एका सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू नसताना, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं आहे. पीडीएफ स्वतः टाकणाऱ्या ॲडमिनला त्याचा आधार घेता येणार नाही, इतकंच.

मोकळेपणानं वाटायला पुष्कळ आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं २०११ पासून सर्वांची आहेत. मर्ढेकर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोघेही १९५६ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क २०१६ अखेर संपला. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या पश्चात १९५२ साली प्रसिद्ध झाली. अशा मरणोत्तर प्रकाशनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून तीही आता मुक्त आहेत. मराठी विकिस्रोतावर आणि राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर अधिकृतपणे उतरवून घेण्याजोगी पुस्तकं आहेत; ती हव्या त्या गटावर टाका. आचार्य अत्र्यांच्या हयातीतल्या पुस्तकांसाठी १ जानेवारी २०३० पर्यंत थांबावं लागेल, पु. लं.च्या पुस्तकांसाठी १ जानेवारी २०६१ पर्यंत. आणि जो लेखक हयात आहे, त्याला एक निरोप पाठवून विचारा. होकार आला, तर खाली ‘साभार’ जरूर लिहा.