चढणीची मासेमारी
ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत पावसाळ्याच्या प्रारंभी चालणारी गोड्या पाण्यातील मासेमारी. भातसा, काळू इ. नद्यांतील मासे पहिल्या पुराबरोबर अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध ओहोळांत व भातखाचरांत चढतात. त्यांस चढणीचे किंवा वलगणीचे मासे म्हणतात. कातकरी, ठाकर इ. जमातींचे लोक ओहोळाच्या अरुंद जागी बांबूच्या कामट्यांचे सापळे लावतात. सापळ्याच्या तोंडाशी कामट्यांची टोके आत वळविलेली असल्याने शिरलेल्या माशास परतता येत नाही. इंग्लंडमध्ये हार्डी बंधूंसारख्या (पेढीची स्थापना १८७२) उत्पादकांनी गळाच्या रिळांचा स्वतंत्र व्यवसाय उभारला; येथील सापळा मात्र बहुधा वापरणाराच विणतो. अंड्यांनी भरलेले मासे सरसकट पकडल्यास पुढील पैदास घटते. म्हणून काही मासे वर जाऊ देणे आवश्यक ठरते.